दाराला टांगलेला डबा

ज्या साली आमच्या लिलाधरला पुण्यात मुलगी झाली आणि तिच्या बारशाचे फोटो आम्ही ज्योत्सनाच्या मोबाइलवर पाहिले, त्या साली दिवाळीनंतर मला कळलं की जगात डबे लपवायचा आणि शोधायचा एक खेळ आहे. बारशाचं बोलावणं आम्हाला नव्हतं. रेवता, माझी बायको, मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "नाक तं माह्यावर गेलं." मग मोबाइल ज्योत्सनाला परत देऊन ती मासे साफ करायला बसली.

आम्ही आसगावच्या पुढे राहणारे ढीवर. तळ्यावर आणि नदीवर मासे मारून आमचं चालतं. ज्योत्सना आमची मुलगी, शहापूरला दिलेली. लिलाधर तिच्याहून मोठा. तो शिकला, पुण्यात मोठ्या कंपनीत लागला आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं. लग्नाला रेवता विहीणबाईंसाठी सुकवलेले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, घेऊन गेली होती. आपल्या हाताने निवडलेले, वाळवलेले, नव्या कापडात बांधलेले. हॉलच्या दारातच लिलाधरने ती पुरचुंडी तिच्या हातातून घेतली, "वास येते, माय," म्हणाला आणि वॉचमनला देऊन टाकली. रेवता काही बोलली नाही. मी बोललो. चारचौघांत बोललो. त्यानंतर तो घरी आला नाही. आधी सुट्टी नसायची, मग कोरोना आला, मग सवय झाली.

तर दिवाळीनंतर ज्योत्सना आली ती चप्पल न काढताच ओसरीवर बसली.

"बाबा, दादा शहापूरले येऊन गेला."

"कोणतं शहापूर?"

"माह्यं शहापूर! दुसरं कोणतं? हे पाहा."

तिने मोबाइल दाखवला. लिलाधर हातात काडेपेटीएवढी डबी धरून हसत होता आणि त्याच्या मागे एका पानठेल्याची पाटी होती. त्या ठेल्याच्या मागच्या गल्लीत ज्योत्सनाचं घर आहे. फोटो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा होता.

"मी ताट घेऊन बसली होती आदल्या दिवशी. फोन केला तं म्हणे, पुण्यात आहो, काम आहे. अन हा मित्राईसंग रायपूरले चालला होता. रस्त्यात गाडी थांबवली, डबी शोधली, फोटो काढला अन गेला. चहासाठी घरी नाही आला, बाबा. घर दिसते तिथून."

"डबी कायची?"

मग तिने खेळ सांगितला. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी कुठेतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे आकडे मोबाइलमध्ये टाकतो. दुसरा माणूस मोबाइलमधल्या बाणाच्या मागे जातो आणि डबा शोधतो. आत कागद असतो, त्यावर नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू घेतली तर आपली एक ठेवायची. डबा जसा होता तसाच परत लपवायचा आणि मोबाइलवर लिहायचं, सापडला. नाही सापडला तर तेही लिहायचं. लिलाधर दर रविवारी हेच करतो, किल्ले-डोंगर पालथे घालतो, असं ती म्हणाली.

मला पटेना. शिकलेला, दाढी वाढवलेला माणूस दुसऱ्याचा रिकामा डबा शोधायला डोंगर चढतो?

"तुमाले नाही पटत तं चला," ज्योत्सना म्हणाली. "मीबी नाही पाहिली ती डबी. आपण काढू."

पुढच्या आठवड्यात मी शहापूरला गेलो. तिने मोबाइलमध्ये तो खेळ घेतला होता. नाव काय टाकायचं असं विचारलं होतं, तर तिने 'मासोळी' टाकलं. आम्ही महामार्गाच्या कडेने चालू लागलो. बाण पुढे दाखवी, आम्ही पुढे गेलो की मागे दाखवी. मी म्हटलं, "हा तं प्यायलेला दिसते." ती म्हणाली, "जवळ आलं का असाच फिरते, बाबा. आता डोळ्याइनं पाहा. पण लोकाइले समजलं नाही पाहिजे, तसा नियम आहे."

आम्ही पुलाच्या कठड्याजवळ वाकून पाहत होतो. मोटारसायकलवाला थांबला.

"काय हारपलं, ताई?"

ज्योत्सना पटकन सरळ झाली. "बाबाची कवळी पडली," म्हणाली.

माझे सगळे दात शाबूत आहेत. मी तोंड मिटून घेतलं. तो माणूस गाडी लावून शोधायला लागला. मग चहावाला आला. एक बाई आली, ती गवत पायाने बाजूला करून पाहू लागली. "वरची का खालची?" असं तिने मला विचारलं, मी हाताने वरची दाखवली. सगळे मनापासून शोधत होते. ज्योत्सनाला हसू आवरेना, ती पदरात तोंड घालून उभी राहिली आणि त्या बाईला वाटलं ती रडते आहे. "नको रडू माय, भेटते," बाई म्हणाली. शेवटी मी खिशात हात घालून, "भेटली, भेटली," असं तोंडावर हात ठेवून म्हटलं तेव्हा कुठे ते गेले.

डबी कठड्याच्या लोखंडी पाटीमागे लोहचुंबकाने चिकटलेली होती. माझाच हात लागला. उघडली तर आत गुंडाळलेला कागद. त्यावर शेवटचं नाव इंग्रजीत होतं. मी चाळिशी ओलांडल्यावर ज्योत्सनाच्या पहिलीच्या पुस्तकावर अक्षरं शिकलो, तेही मराठीच, इंग्रजी मला येत नाही. पण नावाखाली ओढलेली रेघ ओळखली. शाळेच्या वह्यांवर तो नावाखाली तशीच रेघ ओढायचा, टोकाला वर वळवलेली. त्या रेघेखाली मी 'सुखराम' लिहिलं. ज्योत्सना आता हसत नव्हती.

परत येताना मी म्हटलं, "तो डब्यासाठी येते, नाही का?"

"हाव."

"माणसासाठी नाही येत."

तिने मोबाइल पिशवीत टाकला.

"मंग आपल्या तळ्यावर एक डबा ठेवू."

ती थांबली. "अन आईले सांगाल?"

"नाही."

रेवताला का सांगायचं नव्हतं, ते आम्हा दोघांना माहीत होतं. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला जाऊन ऑपरेशन करायला सांगितलं, तर तिने मानलं नाही. "माह्यं झालं आता," म्हणायची. लिलाधरचं नाव ती घेत नसे. फक्त संध्याकाळी दम लागला की ओसरीच्या कडेला बसून रस्त्याकडे पाही. त्या रस्त्याने येणारी प्रत्येक गाडी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाते, कारण पुढे रस्ताच नाही. ती प्रत्येक गाडीला हात दाखवायची. ओळखीची असो की नसो. मला एवढंच हवं होतं की तिचे डोळे उघडे असताना तो एकदा त्या ओसरीवर यावा. डबा लावला आणि तो आला नाही, हे तिला कळलं असतं तर ती दोनदा मेली असती.

उन्हाळ्यात मी पवनीच्या बाजारातून पक्क्या झाकणाचा, पाणी न शिरणारा डबा आणला. आत कोरा कागद, पेन्सिल आणि माझ्या फेकजाळ्याचा एक शिशाचा मणी ठेवला. लहानपणी लिलाधर माझ्याजवळ बसून असे मणी ओवायचा. जागा मी आधीच ठरवली होती. तळ्याचं पाणी शेतात सोडायचं जुनं दगडी तोंड आहे, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्याच्या वरच्या अंगाला एक मोठा दगड पुढे आलेला आहे आणि त्याच्या खाली पोकळी आहे. शाळा चुकवायची असली की लिलाधर त्या पोकळीत दप्तर ठेवून दिवसभर पाण्यात पडून राही. मार मिळाल्यावर त्याने स्वतःच ती जागा मला दाखवली होती. त्या दगडापर्यंत तळ्याचं पाणी सहसा येत नाही.

ज्योत्सनाने आकडे टाकले. खेळात डबा सापडायला थोडी खूण लिहायची असते. मी सांगितलं आणि तिने लिहिलं: शाळा चुकवणाऱ्या पोराची जागा. म्हणजे तळं कोणतं, दगड कोणता आणि डबा कुणी ठेवला, हे जगात एकाच माणसाला वाचताक्षणी कळलं असतं.

मृग गेला. कुणी आलं नाही. आमच्याकडे हा खेळ खेळतो कोण? ज्योत्सना दर दोन-चार दिवसांनी फोन करायची. "दादानं पाहिलं आहे, बाबा. त्याच्या शोधायच्या यादीत आपला डबा दिसून राहिला." रेवता विचारायची, "काय म्हणे पोरगी?" मी म्हणायचो, "काही नाही, पाणी आलं का विचारे."

पाणी आलं ते अखाडीच्या, म्हणजे आषाढी पौर्णिमेच्या, आधी. दोन दिवस आणि दोन रात्री नुसती झोड. अखाडी त्या वर्षी रविवारी होती आणि त्या सकाळी उघडलं. रेवताच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून मी पहिल्याच बसने पवनीला गेलो. रस्त्यात नाल्यावर पाणी होतं, बस थांबून थांबून गेली आणि येतानाही तसंच झालं. घरी पोचायला दिवस कलला.

दारात आलो तो चौकटीच्या बाहेरच्या खुंटीला सुतळीने बांधलेला डबा लटकत होता. माझा डबा.

आमच्यात एक रीत आहे. पाणी चढलं की कुणाची टोपली, कुणाचा सापळा, कुणाची बादली वाहून जाते. ज्याला सापडते तो ती घरी आणतो आणि दाराबाहेर टांगतो. ज्याची असेल तो येता-जाता ओळखतो आणि काढून नेतो. त्याने विचारायचं नाही आणि घरच्यांनी अडवायचं नाही. कुणाची, कशी, कुठे, हे बोलायचंच नाही. आणि वस्तू रिकामी टांगायची नाही, आत काहीतरी खायचं ठेवायचं.

रेवता ओसरीवर बसली होती, चेहरा फिकट, पण डोळ्यांत जरा चमक. तळं पहिल्यांदा भरलं की गावातल्या बाया पाण्याला हळद-कुंकू वाहायला जातात. ही त्या अवस्थेत, थांबत थांबत, पाळीवर जाऊन आली होती.

"तुडुमाजवळ तरंगून राहिला होता," ती म्हणाली. "नवाच आहे, अवो. कोण्या सायबाच्या लेकराचा असंल. आत मणी आहे जाळ्याचा अन कागद आहे. मी थोडे झिंगे टाकले पळसाच्या पानात बांधून. ज्याचा असंल तो नेईल."

या खेळात डब्यात खायची वस्तू ठेवायची नाही, असा नियम आहे. उद्या पाणी उतरलं की परत ठेवू, एवढंच मनात आलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा," ज्योत्सना म्हणाली. "दादानं लिहिलं डब्यावर. आजच."

मी अंगणाच्या टोकाला गेलो. "काय लिहिलं?"

"इंग्रजीत आहे. मी सांगते. म्हणे... डबा सापडला नाही. पाऊण तास शोधला. खुणेची जागा बरोबर पाहिली, तिथं काही नाही. मालकानं देखभाल करावी. जागा छान आहे, पण रस्ता खराब."

"अजून?"

"अजून काही नाही, बाबा. एक रडका चेहरा आहे. तो सगळेच टाकतात, नाही भेटला का."

मी फोन बंद केला. मालकाने देखभाल करावी. मी घराकडे पाहिलं. डबा वाऱ्याने हलत होता.

लिलाधर गाव सोडून फार लांब गेलेला नसेल, असं वाटून मी रस्त्यापर्यंत गेलोही. तिकडून भैय्यालाल येत होता. आमच्या मच्छीमार संस्थेचा माणूस, तळ्याची राखण करतो, लिलाधरच्या लहानपणापासून आमच्या घरचा. मला पाहून त्याने नजर खाली घातली आणि तेव्हाच मला कळलं की याने पाहिलं आहे.

"सुखरामभाऊ, घरी गेला होता का पोट्टा?"

"तू पाहिला?"

"पाहिला म्हणजे! बोललो. थेट तुडुमाच्या दगडाजवळ गेला, पाण्यात उतरून हात घालून पाहे. पँट भिजली पार मांडीपर्यंत. मी म्हटलं, का रे लिलाधर, काय शोधतं? म्हणे, काही नाही काका, असंच. मी म्हटलं, घरी चाल, माय लय बिमार आहे. म्हणे, संध्याकाळी नागपूरहून विमान आहे, पुढच्या वेळेस पक्का येतो. मी म्हटलं, अरे पाच मिनिटं, दारात तं उभा राह्य! तं घड्याळ पाहे."

"एकटाच होता?"

"नाही ना. गाडीत बाई होती. लेकरू होतं तिच्या मांडीवर. काचा बंद होत्या."

आम्ही बोलत बोलत अंगणात आलो होतो, हे मला उशिरा कळलं. रेवता ओसरीच्या कडेला भिंत धरून उभी होती.

"पांढरी गाडी होती का, भाऊजी?" तिने विचारलं.

भैय्यालालने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाव, वहिनी."

ती हळूहळू खाली बसली. "दोनदा गेली इथून. जाताना अन येताना. येताना हळू झाली होती, खड्डा आहे ना तिथं. काचेतून एक लेकरू पाहून राहिलं होतं. मी हात दाखवला. तं त्यानंही दाखवला." तिने रस्त्याकडे पाहिलं. "तेच असंल?"

भैय्यालाल ओसरीच्या पायरीवर बसला.

"दुबळा झाला का तो?" तिने विचारलं.

"नाही, वहिनी. चांगला भरला आहे. दाढी ठेवली."

"हं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अन डबा तुमचा होता."

मी मान हलवली.

"मले सांगतलं असतं तं मी तिथंच ठेवला असता," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. माझ्याच्याने ते ऐकवलं नाही म्हणून मी म्हटलं, "तुह्यानं काही झालं नाही. तिथं डबा असता तं कागदावर नाव लिहून गेला असता. एवढंच."

"हाव," ती म्हणाली. "तेही खरंच."

मी डबा काढायला हात वर केला. तिने अडवलं. "राहू द्या. टांगलेली वस्तू घरचे काढत नसतात."

त्या रात्री ज्योत्सनाने खेळात मालकाचं उत्तर टाकलं. मी मराठीत सांगितलं आणि तिने मराठीतच लिहिलं: डबा पाण्याने निघाला होता. सापडलेली वस्तू आमच्याकडे दाराला टांगतात. तो शोधणाऱ्याच्या घराच्या दाराला आहे. ज्याचा असेल त्याने न्यावा. तिने वेगळा फोनही केला त्याला, आणि तो फोन कसा झाला ते मला तिने कधी सांगितलं नाही. "दसऱ्याले येतो म्हणे," एवढंच म्हणाली. पुढे खेळ चालवणाऱ्या कुण्या माणसाचा निरोप आला की डबा ठरलेल्या जागेवर नाही, मालकाने लवकर व्यवस्था केली नाही तर यादीतून काढण्यात येईल. मी व्यवस्था केली नाही. त्यांनी काढला.

रेवता श्रावणभर ओसरीवर बसायची. पण आता ती गाड्यांना हात दाखवत नसे. पांढरी गाडी आली की आत जायची. मी एकदा विचारलं, "काहून उठली?" तर म्हणाली, "दम लागते उन्हानं." आकाशात ढग होते.

ती गेल्यावर लिलाधर तिसऱ्या दिवशी आला. एकटा, टॅक्सीने. तोपर्यंत नदीवर सगळं उरकलं होतं. दारातून आत येताना डबा त्याच्या कपाळाला लागला. तो थांबला. ज्योत्सना आतून पाहत होती, भैय्यालाल अंगणात बसला होता, मी खाटेवर. त्याने डबा खुंटीवरच उघडला. पळसाचं पान वाळून काळं पडलं होतं. त्याने ते सोडलं, वास घेतला आणि तसंच परत बांधलं. मणी हातात घेऊन पाहिला. कागद उलगडला, तो कोराच होता. त्याच्या खिशाला पेन होतं. त्याचा हात पेनापर्यंत गेला आणि खाली आला.

"बाबा, हा..." तो म्हणाला.

मी उत्तर दिलं नाही. आमच्यात दाराच्या वस्तूबद्दल विचारत नाहीत आणि सांगतही नाहीत. तो नेईल म्हणून मी वाट पाहिली. दोन दिवस तो राहिला, जाता-येता त्या डब्याखालून वाकून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली, त्याने माझ्या पायांना हात लावला आणि तो गेला. मी दारात येऊन पाहिलं. डबा खुंटीलाच होता.

अजून तिथेच आहे. सुतळी एकदा बदलली.

माझी बायको रेवताबाई तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, ३ सप्टेंबर २०२४ रोजी, घरीच वारली.